पहिल्यांदा पीसी अपग्रेड करताय? कार्ड घ्यायच्या आधी हे बघा

गेम अडकायला लागला की आपल्या डोक्यात एकच, ग्राफिक्स कार्ड. माझंही तेच, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जाऊन भाव पण काढून आलेलो. जरा थांबा, गेम चालू असतानाच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) ९५-९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच कमी पडतंय, एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यावर) लिमिट नसताना जीपीयू ६० वर रेंगाळतोय तर बहुतेक प्रोसेसर दमलाय, आणि मेमरी काठोकाठ भरली असेल तर आधी रॅम. माझ्याकडे ८ जीबीची एकच स्टिक होती, तशीच दुसरी लावली आणि मधेमधे बसणारे झटके गेले ना राव.

रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा, तरी मॅन्युअल बघाच. खाच जुळवून दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, खट्ट आवाज येईपर्यंत. बोर्ड मोडतोय की काय असं वाटतं, नाही मोडत. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) ऑन करा, नाहीतर ३२०० स्पीडची रॅम २१३३ नाहीतर २४०० वर निवांत चालत बसते आणि आपल्याला पत्ता पण नसतो.

आता कार्ड. एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १६५० कार्डाचं काम ७५ वॅटमध्ये भागतं, तेवढे बोर्डावरचा कार्डाचा स्लॉटच देतो, म्हणून बऱ्याच १६५० ला वेगळी वायर नसते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सांगते. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर आधी तो बदला, इथे कंजूषी नको. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का, ती लांबी पण टेपने मोजा.

बदलताना मेन स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्क्रू काढले तरी जुनं कार्ड सुटेना, मी आपला ओढतोय, ओढतोय, नंतर दिसलं की स्लॉटच्या टोकाला एक क्लिप असते, ती कार्डाखाली लपलेली, शेवटी लाकडी पट्टीने दाबली तेव्हा सुटलं.

सगळं जोडल्यावर स्क्रीन काळीच आली तर घाबरू नका, एचडीएमआय केबल कुठे खोचलीय बघा, ती कार्डाच्या पोर्टात हवी. मी बोर्डाच्या पोर्टात लावलेली, आणि माझ्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, मग दिसणार काय! १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर तर नाही ना, ते पण बघून घ्या.