नायट्रो आरसी गाडीचे इंधन निवडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नायट्रो इंधनावर धावणारी आरसी (रिमोटने चालवायची छोटी) गाडी बाळगणाऱ्यांच्या तक्रारी साधारणपणे एकसारख्या असतात. गाडी सुरू होत नाही, सुरू झाली तर चार फेऱ्यांत बंद पडते, सकाळी सुरेख चाललेले इंजिन दुपारी ऐकेनासे होते. अशा वेळी हात आधी कार्ब्युरेटरमधून किती इंधन जावे हे ठरवणाऱ्या नीडलच्या स्क्रूकडे जातो, मग इंधन पेटवणारा ग्लो प्लग बदलला जातो आणि शेवटी इंजिनच खराब निघाले असा निष्कर्ष काढला जातो. इंधनाच्या कॅनमध्ये नेमके काय आहे, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारला पाहिजे.

या इंधनात तीन घटक असतात. मिथेनॉल हे मूळ इंधन असते, नायट्रोमिथेन शक्ती वाढवते आणि एरंडेल किंवा सिंथेटिक तेल, बहुधा दोन्हींचे मिश्रण, वंगणाचे काम करते. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसल्यामुळे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांना जे काही वंगण मिळते ते इंधनातूनच मिळते. म्हणूनच इंधनाची निवड म्हणजे वंगणाचीही निवड असते.

नायट्रोचा आकडा पाहून कॅन उचलणे

कॅनवर १६, २०, २५, ३० असे टक्के छापलेले असतात आणि मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, अशी समजूत नव्या चालकांत फार पक्की आहे. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळायला सुमारे साडेसहा ग्रॅम हवा लागते, तर एक ग्रॅम नायट्रोमिथेनला केवळ १.७ ग्रॅमच्या आसपास पुरते. त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. पण याचाच दुसरा अर्थ असा की नायट्रो वाढवल्यावर इंजिनला जास्त इंधन पुरवावे लागते, म्हणजे नीडल उघडावी लागते. १६ टक्क्यांवर बसवलेल्या नीडलवरच ३० टक्क्यांचे इंधन भरले, तर मिश्रण लीन होते (म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते), इंजिनाचे हेड तापते आणि ज्वलन वेळेआधी सुरू होते. प्लगची तार वाकडी किंवा पांढरट-खरखरीत दिसली आणि पिस्टनच्या माथ्यावर बारीक खड्डे पडलेले आढळले, तर कारण बहुधा हेच असते. जास्त नायट्रोसाठी हेडखाली जादा शिम (पातळ चकती) घालून कॉम्प्रेशन कमी करावे लागते आणि थंड प्रकारचा (कमी तापणारा) प्लग वापरावा लागतो. हे करण्याची तयारी नसेल, तर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतील खालच्या बाजूचे इंधन घ्यावे. सरावासाठी १६ ते २० टक्के बहुतेक इंजिनांना पुरेसे असते.

आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. काही उत्पादक नायट्रोचे टक्के आकारमानाने सांगतात, तर काही वजनाने. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरेच जड असल्याने वजनाने २५ टक्के असलेले इंधन आकारमानाने जेमतेम १९ टक्के भरते. ब्रँड बदलल्यावर तोच आकडा असूनही नीडल पुन्हा लावावी लागते, त्यामागे हे एक कारण आहे. इंधनाच्या रंगावरून मात्र काहीच ठरवू नये. तो केवळ मिसळलेला रंग असतो.

तेलाचे प्रमाण न वाचणे

स्पर्धेसाठीच्या इंधनात तेल आठ-दहा टक्क्यांपर्यंत कमी ठेवलेले असते, कारण ते वापरणाऱ्याला नीडल अचूक लावता येते आणि तो इंजिन वरचेवर उघडून तपासतो. तेच इंधन नवशिक्याच्या हाती पडले, तर लीन मिश्रणाची पहिलीच चूक इंजिनाला महागात पडते. सुरुवातीला बारा टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक तेल असलेले आणि त्यात एरंडेलाचा अंश असलेले इंधन घ्यावे. सिंथेटिक तेल स्वच्छ जळते, पण तापमान फार वाढले की टिकत नाही. एरंडेल त्या अवस्थेतही धातूवर थर धरून राहते. त्याने भागांवर तपकिरी राप चढतो, हे खरे. तो राप स्वच्छ करता येतो, घासलेली स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) मात्र पूर्ववत होत नाही.

विमानाच्या मॉडेलसाठीचे ग्लो इंधन गाडीत घालण्याचा मोहही टाळावा. त्यात तेल बहुधा १८ ते २० टक्के आणि नायट्रो कमी असते. इंजिन त्याने लगेच मरत नाही, पण गाडी जड धावते, धूर भरपूर येतो आणि नीडल कुठे थांबवावी ते समजत नाही.

पेट्रोल, स्पिरिट आणि दुकानातले एरंडेल

ग्लो प्लगच्या तारेतील प्लॅटिनम मिथेनॉलच्या संपर्कात आल्यावर तापलेले राहते आणि त्यावरच पुढचे प्रत्येक ज्वलन होते. पेट्रोलबरोबर ही क्रिया होत नाही. म्हणून नायट्रो इंजिनात पेट्रोल घालून काही साधत नाही. मोठ्या १:५ मापाच्या पेट्रोल गाड्यांना स्पार्क प्लग असतो आणि त्यांची जात वेगळी आहे.

आपल्या भागात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या असल्याने स्पिरिट सहज डोळ्यांसमोर येते. ते इथेनॉल असते, मिथेनॉल नव्हे. रंगाच्या दुकानातील स्पिरिटात पाणी आणि इतर मिसळणीही असतात. दुचाकीचे टू-टी (2T) ऑईलही चालत नाही, कारण खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही आणि टाकीत थर वेगळे होतात. औषधाच्या दुकानातले एरंडेल इंधनासाठी शुद्ध केलेले नसते. घरी मिश्रण करणे मी कोणालाही सुचवणार नाही. मिथेनॉल हे विष आहे; दहा मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, ते त्वचेतूनही शरीरात शिरते आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. इंधन पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

चोर्ला घाट उतरताना नीडल तशीच ठेवणे

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ असते. बेळगावात योग्य लावलेली गाडी चोर्ला घाटाने गोव्याच्या किनाऱ्यावर नेली, तर तिथल्या दाट हवेत तेच मिश्रण लीन ठरते, म्हणून पहिली टाकी नीडल थोडी उघडूनच चालवावी. गोव्याहून वर येणाऱ्या गाडीचे उलट होते: ती धूर काढत, अडखळत चालते, पण तिला धोका कमी असतो. हंगामाचेही तसेच आहे. एप्रिलच्या दुपारी बसवलेली नीडल डिसेंबरच्या गार सकाळी लीन पडते. हेडचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस राहते का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावे आणि एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराची बारीक रेषा सतत दिसते का, याकडे लक्ष ठेवावे. गार हवेत इंजिन फार थंड चालवणेही वाईट, कारण पितळी स्लीव्ह वरच्या बाजूस मुद्दाम निमुळती केलेली असते आणि ती पुरेशी तापल्याशिवाय पिस्टनला योग्य जागा मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील मशीनशॉपमध्ये काम करणाऱ्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

पावसाळ्यात उघडा कॅन

मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. खानापूर आणि घाटालगतच्या गावांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की सैल झाकणाचा अर्धा कॅन काही आठवड्यांत निकामी होऊ शकतो. कोरड्या अथणीकडे ही अडचण तुलनेने कमी जाणवते. लहान कॅन घ्यावा, झाकण घट्ट लावावे आणि तो अंधाऱ्या, गार जागी ठेवावा, कारण उजेडाने नायट्रोमिथेनही खराब होते. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करावी, लाइनमधले इंधन जाळून संपवावे आणि आफ्टर-रन ऑईलचे (वापरानंतर इंजिनात सोडायच्या तेलाचे) काही थेंब कार्ब्युरेटर व प्लगच्या छिद्रातून सोडून इंजिन फिरवावे. आत राहिलेले इंधन ओल धरते आणि बेअरिंगला गंज चढतो.

इंधनावर संशय आला तर

नीडल दर पाच मिनिटांनी वेगळी जागा मागत असेल, तर तिच्याशी झटापट थांबवावी. सीलबंद कॅनमधले नवे इंधन व नवा प्लग घालून दोन्ही नीडल (हाय-स्पीड आणि लो-स्पीड) पुस्तिकेतल्या मूळ स्थितीवर आणाव्यात आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलवर (थ्रॉटल न देता) इंधनाची नळी कार्ब्युरेटरजवळ चिमटीत धरावी. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडले, तर लो-स्पीड नीडल ठीक आहे. तत्काळ बंद पडले तर मिश्रण लीन आहे. बराच वेळ चालत राहिले तर रिच आहे, म्हणजे इंधन जास्त आहे. नव्या इंधनावरही आयडल वर चढून तिथेच अडकत असेल, तर दोष कॅनमध्ये नाही. कार्ब्युरेटरच्या गळ्याचा ओ-रिंग, बॅकप्लेटची (इंजिनाच्या मागच्या झाकणाची) गॅस्केट, टाकीचे झाकण आणि नळीतली बारीक चीर या क्रमाने हवेची गळती शोधावी.