शेतात पाणथळ करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या शिरोळ तालुक्यात क्षारपड रानात सच्छिद्र पाइपचा निचरा घालणं आता काही नवीन राहिलं नाही. पाइप पडला की रान हळूहळू परत उसाला येतं, सगळे खूश. पण त्या पाइपच्या तोंडाशी बसून कधी बघितलंय का? पाणी दिसायला एकदम नितळ, ओंजळीनं प्यावं असं, आणि त्यातनं आपण टाकलेला युरिया नायट्रेट होऊन सरळ ओढ्याला चाललेला असतो, ओढ्यातनं नदीला, आणि नदीत केंदाळ (जलपर्णी) माजलं की मग आपण कारखान्यांच्या नावानं ओरडायला मोकळे. (कारखान्यांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं आहेच, पण आपलंही आहे ना.)

अमेरिकेत आयोवा राज्यात मका-सोयाबीनच्या रानाखाली असेच पाइप आहेत. ते पाणी मिसिसिपी नदीतनं मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथं दर उन्हाळ्यात समुद्राच्या तळाशी मासे जगणार नाहीत इतका ऑक्सिजन घटतो. म्हणून त्यांनी पाइपांच्या तोंडाखाली उथळ पाणथळं केली, म्हणजे पाणझाडं वाढलेली पसरट डबकी, त्यात 40 ते 70 टक्के नायट्रेट निघून जातं. हे वाचलं आणि माझ्या न् चुलत्याच्या मिळून 8 एकराच्या निचऱ्याखाली करून बघू म्हटलं, तर पहिल्या वर्षी जवळजवळ सगळंच चुकलं.

शेततळं समजून खणलं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जेसीबीवाल्याला नीट सांगितलं नाही तर तुमचीही होणार. तो आला, एका गुंठ्यात दहा फूट खड्डा मारला, कडा भिंतीसारख्या उभ्या. वर प्लास्टिक कागद घालायचाही सल्ला देऊन गेला. आता गंमत अशी की नायट्रेट संपवणारं काम पाणी करत नाही, तळाच्या चिखलातले जिवाणू करतात. तिथं ऑक्सिजन नसतो म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. दहा फूट पाण्यातलं वरचं नऊ फूट पाणी चिखलाला शिवतच नाही, झाडं रुजत नाहीत, कागद घातला तर चिखलच नाही. मग बुजवून, पसरून सहा गुंठे केलं आणि पाणी ठेवलं फूट-दीड फूट. आयोवात पाणलोटाच्या अर्धा ते दोन टक्के जागा धरतात, 8 एकर म्हणजे 320 गुंठे, त्यामुळं आमचे सहा गुंठे दोन टक्क्यांच्या आसपास बसले. जागा वाया गेली का? जिथं पांढरं फुटून ऊस उगवतच नव्हता तोच कोपरा घेतला.

मुरमाड रान असेल तर मात्र तळ काळ्या मातीनं लिंपून घ्या, नाहीतर तेच नायट्रेट झिरपून विहिरीत.

पाणी शॉर्टकट मारतंय

एवढं करूनही फरक पडेना. पाणी आत येतंय, बाहेर जातंय, मधे झाडं आहेत, मग अडलं कुठं? शेवटी एके दिवशी चुलत्यानं पाइपच्या तोंडाशी पाटीभर लाकडाचा भुसा ओतला आणि दोघं बांधावर बसलो. भुसा डावीउजवीकडं कुठंच गेला नाही, मधनं एक सरळ रेघ धरली आणि पंधरा मिनिटांत सांडव्यातनं बाहेर! म्हणजे सहा गुंठ्यातलं जेमतेम एक गुंठा कामाला, बाकीचं नुसतं डबकं. मग मातीची पोती भरून एकाआड एक आडवे बांध टाकले, नागमोडी वाट केली, आत यायचं तोंड आणि सांडवा समोरासमोर होते ते तिरपे लांब नेले. पाणी अडवायचं नाही, रेंगाळवायचं, एक-दोन दिवस तरी आत फिरलं पाहिजे. भुसा टाकून तुम्हीही बघा, वारा नसताना, खर्च शून्य.

केंदाळ आणून सोडलं

कुणीतरी सांगितलं केंदाळ पाणी शुद्ध करतं. करतं, खत शोषतं हे खरंय, पण वेळेत काढलं नाही तर तिथंच कुजून सगळं परत पाण्यात. वर महिन्याभरात पूर्ण झाकून टाकतं, आणि मोठ्या पावसात सांडव्यावरनं ओढ्याला, म्हणजे ज्या कारणासाठी हा उद्योग केला तेच वाढवलं. ते काढायला चार दिवस कंबर मोडली. पाणकणीस, लव्हाळा, कर्दळ लावा. पाणकणीस तर बोलवायची पण गरज नाही, आपोआप येतं.

उलटी चूक पण होते, म्हणजे दिवाळीला सगळी झाडी कापून, पाला गोळा करून एकदम चकाचक करायचं. तो पडलेला पालाच जिवाणूंचं खाणं आहे. वर्षाला अर्धी बाजू कापा, वैरणीला नाहीतर कंपोस्टला घाला, अर्धी राहू द्या. आणि बांधावर तणनाशक मारताना फवारा आत उडाला की महिनाभराचं काम गेलं, पंप तर तिथं चुकूनही धुवू नका.

फॉस्फरसचं गणित वेगळं आहे. डीएपी खतातला फॉस्फरस मातीच्या कणाला चिकटून येतो, त्यामुळं पाटाचं, पावसाचं गढूळ पाणी थेट आत न सोडता आधी एका लहान खड्ड्यात गाळ बसू द्या आणि मे महिन्यात तो गाळ उचलून परत रानात टाका, फुकटचं खत आहे. मासे सोडायचा मोह आवरा. सायप्रिनस चिखल उकरतो, गवत्या मासा झाडं खातो, आणि खाद्य टाकलं की परत खतच. डासांसाठी गप्पी मासे पुरेत. गोठ्याचं पाणी पण नको, वासानं शेजारी भांडायला येतात (अनुभव आहे).

पाणथळातनं निघालेलं पाणी परत उसाला देताय? नायट्रेट कमी झालं म्हणजे पाणी गोडं झालं असं नाही. मीठ तसंच राहतं, उन्हाळ्यात तर आटून आणखी वाढतं. क्षारपडीतनं काढलेलं मीठ आपणच मोटर लावून परत रानात नेऊन टाकायचं, याला काय अर्थय.

आता जरा कडू. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे एकरी 160 किलो. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण 21 किलो नत्र असतं, म्हणजे सगळं युरियातनं दिलं तरी आठ पोती पुरतात, डीएपीतनं मिळतं ते वेगळंच. आमच्या भावकीत दहाच्या खाली कुणी थांबत नाही, तेही फेकून लगेच भरपाटानं पाणी. असं असेल तर सहा गुंठे काय, सहा एकर पाणथळ पण पुरणार नाही.

मोजणी केल्याशिवाय मात्र काही कळत नाही. मत्स्यटाकीवाल्यांकडं नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात, आत येणारं आणि बाहेर पडणारं दोन्ही पाणी तपासा, मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर तर नक्कीच, तेव्हा सगळ्यात जास्त वाहून येतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट. पण काही पट्ट्या नायट्रेट दाखवतात, काही नुसता त्यातला नायट्रोजन, आणि दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला साधारण साडेचारनं गुणावं लागतं. माझ्या पट्टीवर सांडव्याला 10 आलं, गावभर सांगत सुटलो, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. डबीवरचं बारीक अक्षर पुतण्यानं वाचलं तेव्हा कळलं की ते 10 म्हणजे आपलं 45च.