मोठ्या स्पर्धेआधी या चुका टाळा: लांब पल्ल्याचे धावपटू आणि रेसवॉकर घडवणाऱ्यांसाठी

२०१९ च्या दोहा जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत उन्हाचा त्रास नको म्हणून महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. तरीही पारा तिशीच्या वर आणि हवा दमट होती. ६८ जणी धावायला उभ्या राहिल्या, शर्यत पूर्ण केली ४० जणींनी. केनियाच्या रूथ चेपंगेटिचने सुवर्ण जिंकलं ते २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत ती २:१७:०८ धावली होती. म्हणजे विजेतीच आपल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांहून जास्त सावकाश धावली. ज्या २८ जणी थांबल्या त्याही आपापल्या देशाच्या निवडक धावपटू होत्या, सराव कमी पडला असं त्यांच्याबद्दल सहसा म्हणता येणार नाही.

मोठ्या स्पर्धेच्या तयारीतल्या बहुतेक चुका एकाच समजातून निघतात: चांगली वेळ काढायला जी तयारी लागते, तीच पदकालाही पुरते. ती पुरत नाही. तिथे पेसमेकर, म्हणजे पुढे राहून वेग बांधून देणारे धावपटू, नसतात, हवामान आपल्या सोयीचं नसतं, रेसवॉकरच्या (वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूच्या) पावलावर पंचांचे डोळे असतात, आणि शर्यतीची तारीख पुढे ढकलता येत नाही.

उकाड्याची तयारी शेवटच्या आठवड्यावर सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संघ चार दिवस आधी पोहोचतो, दोन दिवस प्रवासाच्या थकव्यात जातात आणि उरलेल्या दोन दिवसांत शरीर उष्णतेला सरावेल अशी आशा धरली जाते. शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच श्रमाला नाडी कमी पडते. घाम लवकर सुटणं, जास्त सुटणं, त्यातलं मीठ कमी होणं हे त्यानंतर पक्कं होत जातं. रोज ६० ते ९० मिनिटं, हलक्या ते मध्यम वेगात, शरीर खरंच तापेल असं काम हवं. इथेच दुसरी चूक होते: उन्हातच इंटरव्हल (जोरदार धाव आणि विश्रांती आलटून पालटून) लावले जातात. वेग हाती लागत नाही, पाय मात्र संपतात. जोरदार सराव गार वेळेला करा आणि उष्णतेचं काम वेगळं ठेवा.

उष्ण ठिकाणी आधी जाणं शक्य नसेल तर सरावानंतर लगेच ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ते चाळीस मिनिटं गळ्यापर्यंत बसणं हा चांगला पर्याय आहे. सुरुवातीला कमी वेळ बसवा, शेजारी माणूस ठेवा, उठताना चक्कर येते. हा सराव कमावला की टिकतोच असंही नाही. उष्णता सुटली की काही आठवड्यांत तो ओसरतो, म्हणून मधून मधून उजळणी लागते.

बिघाड कसा ओळखाल? सकाळची नाडी सलग दोन-तीन दिवस चढी, झोप तुटक, सरावानंतर वजनात दोन टक्क्यांहून जास्त घट आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती भरून न येणं. असं दिसलं की त्या दिवसाचा उष्णतेचा सराव रद्द करा, उद्यासाठी राखून ठेवू नका. आणि खेळाडू अडखळायला लागला, विसंगत बोलायला लागला तर त्याला आधी बर्फाच्या पाण्यात उतरवा, हलवाहलव नंतर. उष्माघातात पहिली काही मिनिटं जीव वाचवतात. संघातल्या प्रत्येकाला, सामान उचलणाऱ्यालासुद्धा, हे माहीत हवं.

वेळापत्रकावर डोळे मिटून विसंबू नका. टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती उकाड्यामुळे साप्पोरोला हलवल्या, तरी महिला मॅरेथॉनची वेळ आदल्या संध्याकाळी अचानक एक तास अलीकडे आणून सकाळी सहा केली. ज्यांचं जेवण, झोप, वॉर्मअप मिनिटामिनिटाला बांधलेलं असतं त्यांची अशा वेळी धांदल उडते. एक तास अलीकडची आणि एक तास पलीकडची, अशा दोन्ही योजना कागदावर तयार ठेवा.

रेसवॉकरचं तंत्र फक्त ताज्या पायांवर तपासणं

सकाळी ताज्या पायांनी चालणारा खेळाडू पाहिला तर सगळं सुबक दिसतं. त्यालाच पंधरा-सोळा कि.मी. नंतर पाहा. खांदे कानांकडे सरकलेले असतात, हात छातीसमोर वर उडतात, कंबरेची फिरत कमी झालेली असते, आणि टाच टेकते त्या क्षणी गुडघा किंचित वाकलेला असतो. पंचांचं लाल कार्ड, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, येतं ते इथे.

नियम दोन. डोळ्याला दिसेल असा जमिनीशी संपर्क सुटता कामा नये, आणि पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा ताठ हवा. दोन्ही दोषांची मुळं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. संपर्क सुटतो तो बहुधा वेग वाढवताना: पाऊल पुढे फेकलं जातं, हात उंच जातात आणि शरीर वर उचललं जातं. अशा खेळाडूला हात खाली, कोपर मागे, पाऊल लहान आणि गती जलद ठेवून वेग वाढवायला शिकवा. गुडघा वाकतो तो बहुधा थकव्याने किंवा मांडीच्या मागचे स्नायू आखडल्याने. त्याला नुसतं 'गुडघा ताठ' असं ओरडून उपयोग नाही. मागचे स्नायू मोकळे आणि मजबूत करायला महिने लागतात, ते काम हंगामाच्या सुरुवातीलाच धरा.

स्लो मोशन व्हिडिओवर न्याय करणं हीसुद्धा चूक. नियम डोळ्याचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. सेकंदाच्या काही शतांशांपुरता सुटलेला संपर्क उत्तम रेसवॉकरमध्येही सापडतो आणि तो पाहून खेळाडू घाबरून चाल बिघडवतो. व्हिडिओ कारण शोधायला वापरा. निर्णयासाठी परवानाधारक पंचांना सरावाला बोलवा, शेवटच्या तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला उभं करा आणि खरी पिवळी पाटी, म्हणजे ताकीद, दाखवायला सांगा.

दंडक्षेत्राची तालीम जवळजवळ कुणी करत नाही. तीन लाल कार्डं झाली की तिथे थांबावं लागतं: २० कि.मी. शर्यतीत दोन मिनिटं, ३५ कि.मी. मध्ये साडेतीन. चौथं कार्ड आलं की शर्यत संपली. बाहेर पडल्यावर गेलेली वेळ भरून काढायच्या धडपडीत चौथं कार्ड ओढवून घेतलं जातं. सरावात चौदाव्या कि.मी. ला खेळाडूला दोन मिनिटं थांबवा आणि मग त्याच लयीत पुन्हा चालायला लावा. पाय थिजलेले असतात, पहिली दोनशे मीटर विचित्र जातात, हे त्याला आधी कळू दे. प्रत्येक फेरीत कार्डांचा फलक वाचायची सवयही लावा.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आघाडीवर होती आणि मुख्य स्टेडियममध्ये शिरण्याच्या बेतात बाद झाली. त्याआधी त्याच शर्यतीत आघाडीवरच्या आणखी दोघी बाद झाल्या होत्या. आघाडीवर असताना कार्डं किती आहेत हे माहीत असणं वेगाइतकंच मोलाचं आहे.

२०२६ पासून जागतिक स्तरावर रेसवॉकिंगची अंतरं हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन अशी झाली आहेत. ३५ कि.मी. च्या आराखड्याला सात कि.मी. चिकटवून ४२.१९५ ची तयारी होत नाही. तंत्र मोडतं ते शेवटच्या त्या टप्प्यातच, आणि खाण्यापिण्याचं गणितही नव्याने मांडावं लागतं. दंडाचा वेळही आपल्या अंतराच्या नियमपत्रकातून पाहून ठेवा.

एकाच वेगात मुरणं

टोकियोत २०२५ च्या जागतिक मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा अल्फॉन्स सिम्बू आणि जर्मनीचा अमनाल पेत्रोस दोघांची वेळ २:०९:४८ होती. सुवर्ण आणि रौप्यात अंतर पडलं सेकंदाच्या तीन शतांशांचं. बेचाळीस कि.मी. नंतर शंभर मीटरची झुंज देता यायला हवी, आणि ती एका लयीत धावून येत नाही. सलग लांब धावेत मध्येच एक-दोन मिनिटं वेग चढवून पुन्हा मूळ वेगावर यायला लावा, थांबून विश्रांती न देता. शेवटचा कि.मी. थकलेल्या पायांवर घ्या, पण दर आठवड्याला नाही.

मार्ग न पाहता आखणी करणं याच चुकीचं भावंड. पॅरिस २०२४ च्या मॅरेथॉनमध्ये एकूण ४३६ मीटर चढ होता. चढाची तयारी सगळे करतात, उताराची विसरतात, आणि मांड्या उतारावरच फाटतात. उतारावर धावण्याचा सराव सहा-आठ आठवडे आधी थोडा थोडा सुरू करा. शेवटच्या पंधरवड्यात केलात तर दुखणं घेऊनच शर्यतीला उभं राहाल.

उंचावरचा सराव घाईने उरकणं

दोन ते अडीच हजार मीटरवर तीन-चार आठवडे राहिलं तर रक्त वाढून फायदा होतो, पण शरीरात लोहाचा साठा कमी असेल तर रक्त वाढणार कशातून? जाण्याच्या सहा-आठ आठवडे आधी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासा, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढा. खाली उतरल्यानंतर कोणत्या दिवशी पाय हलके वाटतात हे माणसागणिक बदलतं, त्यामुळे पहिला प्रयोग मोठ्या स्पर्धेच्या वर्षी नको.

हलकं होण्याचा हव्यास

याबद्दल मी सगळ्यात आग्रहाने सांगेन. शर्यतीआधी वजन उतरवायचं म्हणून जेवण तोडणं फार सर्रास चालतं, आणि प्रशिक्षकांच्या एका शेऱ्याने ते सुरू होतं. पाळी थांबणं, हाडात बारीक तडे जाणं, सतत सर्दी, चिडचिड, सराव करूनही वेळ न सुधारणं ही सगळी एकाच आजाराची लक्षणं असू शकतात: खर्चाच्या मानाने अन्न कमी. पुरुष खेळाडूंतही हे होतं. पाळी तीन महिने आली नाही तर 'सराव जोरात चाललाय' असं समजू नका, डॉक्टरांकडे पाठवा. खेळाडूंचं वजन सगळ्यांसमोर करू नका.

पिष्टमय पदार्थ तोडण्याचं खूळही असंच. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या चमूने जागतिक दर्जाच्या रेसवॉकरवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय आहार घेतलेल्यांच्या शरीराने चरबी जास्त जाळली खरी, पण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागला आणि त्यांची कामगिरी सुधारली नाही. पिष्टमय आहारावरच्या गटांची सुधारली.

शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची तर पोटालाही सराव लागतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून घेतलं तर पोट जास्त पचवतं. आठवड्यातून एकदा, लांब सरावात, शर्यतीच्या वेगाला तेच पेय तितकंच द्या. मळमळ झाली तर पेय बदलण्याआधी तीव्रता आणि प्रमाण तपासा: पेय फार दाट असतं किंवा एकदम भरपूर प्यायलेलं असतं. उलट बाजूने, तहान नसताना साधं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं. टेबलावरून बाटली उचलण्याचीही तालीम करा. चालत्या वेगात हात मागे वळवून बाटली पकडावी लागते, ती निसटली की खेळाडू थबकतो, आणि त्या थबकण्यात रेसवॉकरचा गुडघा वाकतो. बाटलीला उंच दांडी आणि लांबून ओळखू येईल असा रंग असू द्या.

टेपरमध्ये घाबरणं

टेपर म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणं. शेवटचे दोन आठवडे अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करा, वेग आणि सरावाचे दिवस जवळपास तसेच ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय जड वाटतात, खेळाडू तक्रार करतो, आणि प्रशिक्षक 'चाचणी' लावतात. ती लावू नका.

बुटांच्या तळव्याची जाडीही याच काळात मोजून घ्या: ट्रॅकवर २० मिलिमीटर, रस्त्यावर ४० ही मर्यादा आहे. रस्त्यावरचा बूट घालून १०,००० मीटरला उतरलेला खेळाडू बाद होतो.

राखीव खेळाडूला अर्ध्यावर सोडणं

नाव राखीव यादीत गेलं की त्याचा उष्णतेचा सराव थांबतो, बाटल्यांचा हिशोब कुणी करत नाही, मार्ग दाखवायलाही नेत नाहीत. पॅरिस २०२४ मध्ये तमिरात तोला इथिओपियाचा राखीव होता. सिसाय लेम्मा जखमी झाल्याने ऐनवेळी त्याला संघात घेतलं आणि २:०६:२६ च्या ऑलिंपिक विक्रमासह तो जिंकला. राखीव खेळाडूची रक्ततपासणी, उष्णतेचा सराव, टेपर आणि प्रवासाची तारीख मुख्य खेळाडूसारखीच ठेवा. त्याला संघात घेतलं गेलं तर हातात फार तर दोन आठवडे असतात, आणि तेवढ्यात यातलं काहीही नव्याने उभं करता येत नाही.