बर्फातली गोष्ट वैशाखात कशी वाचावी

आमचं वाचनालय दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. मे महिन्यात रात्री नवालाही भिंतींची धग जात नाही. तेव्हा अंगणात बाजा टाकून मी पोट्ट्यांना गोष्टी वाचून दाखवतो. जुन्या अमेरिकन पल्प मासिकांतल्या, म्हणजे हलक्या कागदावर छापलेल्या स्वस्त मासिकांतल्या, विज्ञानकथा आता नव्याने छापून मिळतात. त्यातली एक तुम्हीही गावात वाचून दाखवा. कशी, ते सांगतो.

गोष्ट घ्या जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची ‘हू गोज देअर?’. हा माणूस 1937 च्या अखेरीस ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथांच्या मासिकाचा संपादक झाला आणि 1971 मध्ये वारला, तोवर त्याच खुर्चीत होता. ही गोष्ट त्याने स्वतःच्याच मासिकात ऑगस्ट 1938 च्या अंकात छापली, पण डॉन ए. स्टुअर्ट या नावाने. बायकोचं माहेरचं नाव डोना स्टुअर्ट, त्यावरून हे घेतलेलं.

विकत घेण्याआधी आतलं पान बघा, कारण बाजारात या गोष्टीचे दोन पाठ, म्हणजे दोन रूपं आहेत. एक मासिकात आला तो. दुसरा ‘फ्रोझन हेल’, 2019 मध्ये पुस्तकरूपात आलेला. हे लांब हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात कॅम्पबेलच्या कागदांत पडून होतं. त्यात अंटार्क्टिकावर गेलेल्या संशोधकांना बर्फाखाली परग्रहावरचं यान सापडतं, तिथपासून सुरुवात आहे. मासिकातल्या पाठात ते सगळं छाटलेलं आहे. यानातला गोठलेला प्राणी आधीच संशोधकांच्या तळावर आणलेला असतो आणि गोष्ट सुरू होते वासाने. गेल्या उन्हाळ्यात मी लांब पाठापासून सुरुवात केली, तर तिसऱ्या रात्री निम्म्या बाजा रिकाम्या. म्हणून आधी मासिकातला पाठ वाचा आणि लांब पाठ मागून, ज्याला गोडी लागली त्यालाच द्या. काय कापलं हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, की संपादकाचं काम काय असतं ते कळतं.

त्या वासावर घाई करू नका. कोंदट खोल्या, माणसांचा घाम, सीलची वितळलेली चरबी, ओले केसाळ कोट, जळकं तेल, कुत्री. मी पोट्ट्यांना विचारतो, पावसाळ्यात दार बंद केलेल्या गोठ्यात शिरल्यावर पहिलं काय लागतं नाकाला? गोमूत्र, भिजलेलं कुटार, घोंगडी, एकेक जण सांगत जातो. मग पुढचं वाचतो.

तळावर सदतीस माणसं आहेत आणि इंग्रजी नावं कानात राहत नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहा: मॅकरेडी, ब्लेअर, गॅरी, डॉक्टर कॉपर, स्वयंपाकी किनर. तो प्राणी ज्याला गिळतो त्याचंच रूप घेतो, म्हणून संशय फिरेल तशी नावापुढे खडूने खूण करा. हे काम पोरांकडे द्या.

तळावर गायीही आहेत. बर्फात गाय कुठून, असं कोणी विचारलं तर सांगा, रिचर्ड बर्ड या अमेरिकन शोधकाने 1933 ते 35 च्या मोहिमेत खरोखरच तीन गर्नसी जातीच्या गायी अंटार्क्टिकावर नेल्या होत्या. गोष्टीत गायींवर संशय येतो तिथे थांबा. आमच्याकडे दाराशी बसलेली एक आजी एकदम म्हणाली, “मंग भाऊ, त्याईनं दूध पेलं त्याचं काय?” कथेतली माणसंही त्याच भीतीने गारठतात. ज्याच्या घरी म्हैस दुभते, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रस्तावना शेवटी वाचा, तिच्यात शेवट फुटतो. आणि मोठ्या मुलांना कॅम्पबेलचं दुसरं अंगही सांगा. काळ्या लोकांबद्दल त्याने वाईट लिहिलं, म्हणून त्याच्या नावाच्या पुरस्काराचं नाव 2019 मध्ये बदललं. हे झाकून ठेवलं तर पोरं मोठी झाल्यावर आपल्यावरच विश्वास ठेवणार नाहीत.

वाचन तीन रात्रींत वाटा. दुसऱ्या रात्री तापलेल्या तारेच्या पानाशी थांबा. त्या प्राण्याच्या रक्ताचा थेंबन् थेंब स्वतंत्र जीव असतो, चटका लागला की तो स्वतःला वाचवू पाहणार. मॅकरेडी हे ओळखतो आणि एकेकाच्या रक्तात तार बुडवायला निघतो. तेवढं वाचून पुस्तक मिटा, कंदील उचला. तिसऱ्या रात्री मी पोचलो तेव्हा बाजा आधीच टाकलेल्या होत्या आणि आजी पुढच्या रांगेत येऊन बसली होती.