‘कंपाउंड’ मराठीत आणताना

लोअर परळच्या मिल कंपाउंडमधलं ‘कंपाउंड’ आणि मुदत ठेवीच्या कागदावरचं ‘कंपाउंड’ यांचं स्पेलिंग एक, कूळ वेगळं. भाषांतराला बसताना आधी कूळ ओळखायचं.

जोडण्याच्या अर्थाचा शब्द लॅटिन ‘कॉम्पोनेरे’वरून, म्हणजे एकत्र ठेवणे, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. शेवटचा ‘ड’ तिथे मागाहून चिकटला. आवाराचा शब्द बहुधा मलय ‘काम्पुंग’चा, म्हणजे वस्तीचा, युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी झालेला अवतार.

आवारवाल्यात एकच खड्डा आहे. इंग्रजीत कंपाउंड म्हणजे भिंतीच्या आतली जागा. आपण मुंबईत ‘कंपाउंडवर चढू नकोस’ म्हणतो ते भिंतीला. सोसायटीच्या नोटिशीत जागेला ‘आवार’ आणि ‘कंपाउंड वॉल’ला ‘कुंपणभिंत’ लिहा. नाहीतर निविदेत ‘आवार पाडून नव्याने बांधणे’ असं काहीतरी छापून येतं.

जोडवाल्यात शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय पेन उचलू नका. रसायनशास्त्रात ‘संयुग’, ‘मिश्रण’ कधीच नाही. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने १:८ याच प्रमाणात असतात, म्हणून ते संयुग. मीठ-पाण्यात मीठ कमी-जास्त चालतं, म्हणून ते मिश्रण. व्याकरणात शब्द ‘सामासिक’, वाक्य ‘संयुक्त’. ‘मिश्र वाक्य’ हा निराळा प्रकार आहे.

व्याजाला ‘चक्रवाढ’ हा शब्द तयारच आहे, पण व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळवतात ते गाळू नका. १०,००० रुपयांचे ८ टक्क्यांनी २ वर्षांत सरळव्याजाने ११,६०० होतात, वार्षिक चक्रवाढीने ११,६६४ आणि तिमाहीने सुमारे ११,७१७. ‘तिमाही’ एवढा एक शब्द सुटला तर वाचकाचा हिशेब ५३ रुपयांनी चुकतो.

सर्वांत जास्त चुका ‘कंपाउंड फ्रॅक्चर’मध्ये. हाडाचे अनेक तुकडे झाले असा अर्थ लावला जातो. खरा अर्थ, मोडलेल्या हाडाच्या जागी त्वचा फाटून जखम उघडी पडली. जंतुसंसर्गाची भीती असते ती त्यामुळेच. ‘उघडा अस्थिभंग’ लिहा. कायद्यातला ‘कंपाउंडेबल’ गुन्हा म्हणजे तडजोडीने मिटवता येण्याजोगा. तिथे ‘संयुक्त गुन्हा’ लिहिलं तर अर्थच फिरतो. अडचण ‘कंपाउंड’ झाली असेल तर तिच्यात भर पडली, एवढंच.

दवाखान्यातला कंपाउंडर मात्र तसाच राहू द्या. औषधं एकत्र करून देणारा म्हणून तोही लॅटिन कुळातलाच, पण ‘औषधसंयोजक’ लिहिलंत तर त्याला कोणी ओळखणार नाही.