युद्धकाळातील पंतप्रधानांवर बोलणार आहात? या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की नाशिकच्या शाळा-कॉलेजांच्या फलकांवर वक्तृत्व स्पर्धांचे विषय झळकतात. ‘युद्धकाळातील पंतप्रधानांचे नेतृत्व’ हा त्यातला नेहमीचा विषय, आणि बरीच मुलं त्यासाठी लालबहादूर शास्त्री निवडतात. निवड उत्तमच आहे. पण मुलांची तयारी करून घेताना दरवर्षी दिसतं, की भाषण ठरावीक जागीच घसरतं.

सगळ्यात मोठी घसरण म्हणजे पंतप्रधानांना एकटं उभं करणं. ‘शास्त्रीजींनी हुकूम दिला आणि सैन्य लाहोरवर चालून गेलं’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण नेतृत्व म्हणजे काय ते त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी 1 सप्टेंबर 1965 या एका दिवसापाशी थांबा.

त्या पहाटे पाकिस्तानने जम्मूच्या छांब भागात रणगाडे घुसवले. रोख अखनूरच्या पुलाकडे होता. पूल गेला असता तर पुढच्या आपल्या तुकड्यांची रसद तुटली असती. दुपारनंतर लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि वायुदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता त्यांनी होकार दिला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. त्या पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. निर्णयाची किंमत लगेच मोजावी लागली.

हा होकार किती मोठा होता हे समजायचं तर 1962 आठवा. चीनशी लढताना आपण वायुदलाला लढाईत उतरवलंच नव्हतं, फक्त माणसं आणि रसद वाहून नेली होती. तीनच वर्षांनी एक मंत्री काही मिनिटांत निर्णय घेतो आणि पंतप्रधान त्याच्या पाठीशी उभे राहतात. शास्त्रींचं नेतृत्व मला इथे दिसतं. योग्य माणसावर विश्वास टाकायचा आणि परिणामांची जबाबदारी स्वतः घ्यायची, हे बोलायला सोपं असलं तरी युद्धाच्या दिवसांत फार अवघड असतं.

नाशिकच्या मुलांनी तर चव्हाणांना विसरूच नये. ते मूळचे कराडकडचे, पण दिल्लीत संरक्षणमंत्री झाल्यावर 1963 साली लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, तेही बिनविरोध. म्हणजे 1965च्या युद्धात देशाचा संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार होता. गंगापूर धरणाच्या रस्त्याला त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ आहे, त्या फाटकावरून आपण कितीदा जातो! तरी भाषणात हा धागा क्वचितच येतो.

आता तारखा. ‘युद्ध 6 सप्टेंबरला सुरू झालं’ असं सर्रास म्हटलं जातं. 6 सप्टेंबरला आपण पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, अखनूरवरचा दाब कमी व्हावा म्हणून. त्याआधी 5 ऑगस्टपासून काश्मीरमध्ये घुसखोर शिरत होते आणि 28 ऑगस्टला आपल्या जवानांनी हाजीपीर खिंड घेतली होती. त्याही आधी, एप्रिलमध्ये, कच्छच्या रणात चकमकी झाल्या होत्या. तिथे शास्त्रींनी युद्धविराम आणि लवादाचा मार्ग स्वीकारला, म्हणून त्यांच्यावर मवाळपणाचा आरोप झाला. भाषणात कच्छ वगळला, तर सप्टेंबरमधले शास्त्री आकाशातून पडल्यासारखे वाटतात. एप्रिलमध्ये संयम ठेवणारा माणूस सप्टेंबरमध्ये सीमा ओलांडायला संमती देतो, हा प्रवासच तुमच्या भाषणाचा कणा करा.

‘शास्त्रीजींनी आणीबाणी जाहीर केली’ हेही चूक. 26 ऑक्टोबर 1962 ची आणीबाणी तेव्हा चालूच होती. ती 1968 च्या जानेवारीत उठली.

देवळालीच्या तोफखान्यामुळे आणि ओझरच्या विमान कारखान्यामुळे आपल्याकडे लष्कराबद्दल जिव्हाळा आहे. त्या जिव्हाळ्यापोटी एक वाक्य हमखास येतं, ‘ओझरची मिग विमानं 1965 मध्ये लढली.’ नाही लढली. ओझरचा कारखाना 1964 साली स्थापन झाला; त्या युद्धात आपल्याकडे मोजकी मिग होती, ती रशियातून आलेली. अभिमान वाटणं रास्त आहे, पण तारीख तपासून घ्या.

‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा शेवटी जोरात म्हणून टाकणं हीदेखील सवय झाली आहे. तिच्यातल्या किसानाला दोन वाक्यं तरी द्या. त्या वर्षी पाऊस दगा देत होता आणि ‘पीएल 480’ योजनेतला अमेरिकन गहू जहाजांनी येत होता. पोट दुसऱ्याच्या हातात असलेल्या देशाला युद्धात मान ताठ ठेवणं जड जातं. म्हणून शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं. घरात पंचाहत्तरीपुढचं कोणी असेल तर त्यांना विचारा, त्या सोमवारांची आठवण आहे का. एखादी खरी आठवण मिळाली तर घोषणेत जीव येईल.

1965 आणि 1971 यांची सरमिसळही नको. 1971 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी, संरक्षणमंत्री जगजीवन राम आणि चव्हाण अर्थमंत्री. इंदिराबाई आणि तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ यांच्यातले संवाद नाट्यछटेसारखे म्हणून दाखवू नका. ते बरेचसे माणेकशॉंनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून आले आहेत, तेव्हा ‘माणेकशॉ सांगत’ असं म्हणून पुढे जा.

आणि शेवटचा भाग, ताश्कंद, म्हणजे युद्धानंतर भारत-पाकिस्तान करार झाला आणि शास्त्रींचं निधन झालं ते तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं शहर. बहुतेक भाषणं इथे शास्त्रींच्या मृत्यूच्या गूढाकडे वळतात, श्रोते स्तब्ध होतात आणि वेळ संपतो. पण 10 जानेवारी 1966 ला सही झालेल्या करारात काय होतं, हे कोणी सांगत नाही. दोन्ही सैन्यांनी 25 फेब्रुवारीपर्यंत 5 ऑगस्टपूर्वीच्या जागांवर परत जायचं ठरलं. याचा अर्थ रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड परत द्यायची. युद्ध जिंकण्याइतकंच ते थांबवणंही पंतप्रधानाचं काम असतं, आणि तिथे टाळ्या मिळत नाहीत. ती सही बरोबर होती की चूक, यावर स्वतःचं मत मांडा. परीक्षकांना ते ऐकायचं असतं.

भाषण सात मिनिटांचं असेल तर निम्मा वेळ 1 ते 6 सप्टेंबरला द्या. जन्मगाव, बालपण, नदी पोहून शाळेत जाणं हे सगळं अर्ध्या मिनिटात उरका. ताश्कंदला दीड मिनिट राखून ठेवा, आणि त्यात हाजीपीरचं नाव आलंच पाहिजे.