आधी सासूबाईंना वाचून दाखवा
गोष्ट लिहून झाली की मी ती आठवडाभर गव्हाच्या डब्यात ठेवते. मग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते आमच्या सांगलीत. इथल्या माणसांना कान आहे! सासूबाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला, तर तो परिच्छेद ठेवा. 'अगं, झालं काय शेवटी?' म्हणाल्या, तर तिथलं वर्णन काढा. माझी कृष्णेवरच्या सूर्यास्ताची दीड पानं अशीच गेली. (रडले थोडी.) 'अतिशय', 'जणू', 'खरंतर' खोडा. 'करण्यात आलं' दिसलं की कोणी केलं ते लिहा.

दिवाळी अंकासाठी मे-जूनमध्येच पाठवा, युनिकोडमध्ये टाइप करून, एका वेळी एकाच संपादकाला. छापून आल्यावर स्टेटसला नुसतं मुखपृष्ठ नको. पहिल्या चार ओळी टाका.